नाश्त्याला काय, यापेक्षा नाश्ता कुणाला?

"तुमच्याकडे सकाळी नाश्त्याला काय असतं गं?" हा प्रश्न मला कॉलेजात विचारला गेला, हॉस्टेलवर विचारला गेला आणि आता ऑफिसातही विचारला जातो. विचारणारी माणसं बहुतेक वेळा चांगली असतात. पण मी "चहा-पाव" किंवा "पोहे" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसते. काहीजण तर स्पष्टच म्हणतात, "म्हणजे आमच्यासारखंच? मला वाटलं, तुमच्याकडे सकाळपासूनच मटण असेल."

हा समज नेहमीच इतका निरुपद्रवी नसतो. पुण्यात भाड्याची खोली शोधताना माझं आडनाव ऐकून एका घरमालकीणबाईंनी आधी "सकाळी काय करता खायला?" असं विचारलं आणि मग खोली गेल्याचं सांगितलं. त्या वेळी मी रोज सकाळी उपीट खात होते. उपिटावरून कुणाला घर नाकारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मुद्दा उपिटाचा नव्हताच. त्यांच्या डोक्यात मुसलमानाच्या सकाळचं एक चित्र तयार होतं आणि मला त्या चित्रात बसवून झालेलं होतं.

असंच एक चित्र आपणही तयार केलं आहे. रविवारी सकाळी आपल्या मुलामुलींचे मोबाइल उघडून बघा. निहारीची डेग, वर तरंगणारं तूप, पाया, खमिरी रोटी, शीरमाल, आणि खाली लिहिलेलं, "आमची तहजीब". मला निहारी आवडते, त्यामुळे तक्रार त्या पदार्थाबद्दल नाही. पण सोमवार ते शनिवार आपल्या घरांत काय असतं, हे त्या फोटोत येत नाही. सोलापुरात आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असायची. नसली तर चहात बुडवलेला पाव, खारी नाहीतर टोस्ट, आणि महिनाअखेरीला रात्रीची चपाती कोऱ्या चहाबरोबर. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुसलमान घरांची सकाळ अशीच आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

थोडक्यात, एक चित्र आपल्याकडे संशयाने बघणाऱ्यांचं आहे आणि एक आपल्या अभिमानाचं. गंमत अशी की दोन्हींत ताट एकच आहे आणि दोन्हींत आपली रोजची सकाळ नाही. आपण काय खातो यावर दोन्ही बाजूंनी इतका वाद होतो, की कोण खातं आणि कोण उपाशी घराबाहेर पडतं हे विचारायचंच राहून जातं. हा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

शब्द काय सांगतात

सुरुवात शब्दांपासून करू. 'नाश्ता' हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ पोहे किंवा पराठा नाही, तर ज्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही असा, रिकाम्या पोटाचा माणूस. इंग्रजी 'ब्रेकफास्ट' म्हणजे उपास मोडणं. स्पॅनिश भाषेत न्याहारीला 'देसायुनो' म्हणतात, त्यातल्या 'आयुनो'चा अर्थही उपासच. अरबीत सकाळच्या खाण्याला 'फुतूर' किंवा 'फतूर' म्हणतात. रमजानमध्ये आपण ज्याला इफ्तार म्हणतो, तो शब्द त्याच धातूतून आलेला आहे. म्हणजे भाषेच्या हिशोबाने रोजची सकाळ हा एक छोटा इफ्तारच असतो.

आपली 'न्याहारी'ही दूरची नाही. कोशकार तिचा संबंध फारसी 'नहारी'शी जोडतात आणि नहारी म्हणजे सकाळचं खाणं. दिल्लीच्या निहारीचं नावही याच कुळातलं. शेताच्या बांधावर बसून झुणका-भाकरीची न्याहारी करणारा शेतकरी आणि जामा मशिदीजवळच्या गल्लीत निहारी खाणारा कारागीर, दोघांच्या तोंडी एकाच घरातले दोन शब्द आहेत. 'न्याहारी' हा शब्द परका आहे असं मराठी माणसाला कधी वाटलं नाही, वाटायचं कारणही नाही.

मला यात महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. इतक्या वेगवेगळ्या भाषांनी सकाळच्या खाण्याला नाव देताना ताटाकडे पाहिलेलं नाही. त्यांनी पोटाकडे पाहिलं. रात्रभर रिकामं राहिलेलं पोट हीच त्यांना सांगण्यासारखी गोष्ट वाटली.

न्याहारी कामाच्या मागे चालते

मग एका ठिकाणी निहारी, दुसरीकडे घावन आणि तिसरीकडे वालाच्या जातीचं कडधान्य, हे कसं ठरतं? धर्म याचं थोडंफार उत्तर देतो. जास्त उत्तर मिळतं ते काम, चूल आणि शेत यांच्याकडून.

निहारीच घ्या. जनावराच्या पायाच्या भागाचं चिवट, स्वस्त मांस. ते तासाभरात शिजत नाही, म्हणून रात्रभर मंद आचेवर ठेवायचं आणि फजरच्या नमाजनंतर खायचं. एकदा पोटभर खाल्लं की अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला दुपारपर्यंत भूक लागत नाही. नंतर त्या डेगेला नवाबी नाव चिकटलं, पण जुन्या शहरांत तिच्यावर पोसला गेला तो मोठ्या संख्येने मजूर आणि कारागीर.

आता कैरोला जाऊ. तिथल्या गल्लीबोळांत सकाळी हातगाड्या लागतात आणि त्यांवर मोठ्या पोटाच्या, अरुंद तोंडाच्या भांड्यात 'फूल' असतं. 'फूल' म्हणजे बाकला नावाच्या शेंगांचे वाळलेले दाणे. तेही रात्रभर मंद आचेवर शिजवलेले. वर तेल, लिंबू, जिरं आणि बरोबर रोटी. इजिप्तमधला मुसलमान हे खातो आणि तिथला कॉप्टिक ख्रिश्चनही. उलट ख्रिश्चनांच्या लांबलचक उपासांत मांस, दूध, अंडी चालत नाहीत, तेव्हा त्यांचा मोठा आधार हे फूलच असतं. निहारी आणि फूल यांच्यात एक मांसाहारी, एक शाकाहारी. पण तर्क तोच आहे. स्वस्त आणि शिजायला वेळ घेणारी वस्तू रात्री चुलीवर चढवा, सकाळी कामकऱ्याचं पोट भरा.

काश्मीरमध्ये सकाळ उजाडते ती कांदुराच्या दुकानात. कांदुर म्हणजे तंदूर चालवणारा नानवाई. त्याच्याकडून गिर्दा किंवा लवासा ही रोटी आणायची आणि मिठाच्या गुलाबी चहाबरोबर खायची. हा चहा मुसलमानांच्या घरात 'नून चाय' आणि पंडितांच्या घरात 'शीर चाय'. नाव बदलतं, कप बदलतो, पण रोटी एकाच तंदुरातली.

कोकणात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांच्या घरात सकाळी तांदळाची भाकरी किंवा घावन असतं. शेजारच्या हिंदू घरातही तेच. कारण दोघांच्या शेतात भात पिकतो. घाट चढून सोलापूर, लातूरकडे आलात की दोघांच्या घरात ज्वारी येते. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत सकाळी खिचडी, खट्टा आणि खिमा खायची पद्धत आहे, तिची चव मराठवाड्यातल्या अनेक घरांना ओळखीची आहे. पुण्या-मुंबईचा माणूस सकाळी खिचडी म्हटल्यावर "आजारी आहेस का?" म्हणतो, हा झाला प्रदेशाचा फरक.

आणि 'आपलं'च म्हणायचं तर आपल्या ताटातलं आपलं किती? पाव पोर्तुगिजांबरोबर आला, नावसुद्धा त्यांचंच. बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या. माझ्या सोलापूरची ओळख असलेली शेंगाची चटणी ज्या दोन गोष्टींनी बनते, त्या भुईमुगाचं आणि मिरचीचं मूळ घर दक्षिण आणि मध्य अमेरिकेत आहे. मुंबईत बन-मस्का आणि चहा लोकप्रिय केला तो इराणहून आलेल्या झरतुष्ट्री आणि शिया हॉटेलवाल्यांनी, आणि त्यांच्या टेबलावर गिरणी कामगारापासून वकिलापर्यंत सगळे बसले. न्याहारी ही संस्कृतीची शुद्ध खूण असती तर तिच्यात इतकी भेसळ झाली नसती. माणसाला सकाळी भूक लागते, घाई असते आणि खिशात मोजके पैसे असतात. त्या तिघांच्या सोयीने जे जुळलं ते त्याने आपलं मानलं.

म्हणून कुणी "तुमचा नाश्ता काय?" असं विचारलं तर मी आता "सोलापूरचा" असं सांगते. ते खरं उत्तर आहे.

सगळ्यांत शेवटी कोण खातं?

इथवर वाचून बऱ्याच जणांना बरं वाटलं असेल. आपण सगळे एक, सगळ्यांच्या चुली सारख्या. पण चुली सारख्या असतील तर त्यांच्यातला अन्यायही सारखाच असणार. तो घराच्या आतला आहे, म्हणून त्यावर बोलायला आपण कचरतो.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत आल्या आहेत. रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाला गरम काहीतरी हवं असतं, दिवसपाळीला निघालेल्याला डबा हवा असतो, मुलांना शाळेची वेळ गाठायची असते. या तिन्ही वेळा सांभाळणारी बाई पहाटे उठते. तिचा स्वतःचा नाश्ता कधी होतो? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे: सगळे गेल्यावर, उभ्याने, उरलेलं. उरलं नाही तर चहा.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 81.2 टक्के रोज घरातलं बिनपगारी काम करत होत्या, पुरुषांपैकी 26.1 टक्के. काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, काम करणाऱ्या पुरुषाची 97. हे आकडे सगळ्या देशाचे, सगळ्या धर्मांचे आहेत. आपलं घर याला अपवाद आहे असं ज्याला वाटतं, त्याने उद्या सकाळी अंथरुणातून फक्त आवाज ऐकावेत.

दुसरा आकडा पोटाचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणं अनेक आहेत आणि सगळा दोष नाश्त्याला देता येणार नाही. पण दहावी-बारावीच्या, कॉलेजच्या किती मुली सकाळी फक्त चहा पिऊन बाहेर पडतात, हे आपण जाणतो. चहामुळे अन्नातलं लोह अंगाला लागायला अडथळा येतो, म्हणून खाण्यासोबत चहा नको असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडे अनेकदा चहा हेच खाणं असतं. निघताना अम्मी मागून म्हणते, "कुछ तो खाके जा गे." मुलगी म्हणते, "बस निकल जाएगी." भावाला मात्र कुणीतरी ताट हातात आणून दिलेलं असतं. त्याचीही बस असतेच.

रमजानच्या सेहरीत हे सगळं एका तासात दिसतं. घरात सगळ्यांत आधी कोण उठतं, सगळ्यांना उठवतं, तव्यापाशी उभं राहतं आणि वेळ संपत आल्याचं ऐकू आल्यावर घाईत दोन घास आणि ग्लासभर पाणी घेऊन नियत करतं? रोजा तर सगळ्यांचा सारखाच असतो. मग त्या रोजाची तयारी एकाच व्यक्तीवर का? सेहरी घेण्यात बरकत आहे असं आपण ऐकत आलो. ती बरकत तव्यापाशी उभी असलेल्या बाईच्या वाट्यालाही यायला हवी ना?

यावर काहीजण म्हणतील, "हे बाहेरून आणलेले विचार आहेत." मी बाहेर जात नाही. हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी आपल्या घरांत पूर्वीपासून सांगितल्या जातात. एक, प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत. दुसरी गोष्ट थेट नाश्त्याचीच आहे. ते सकाळी घरात विचारत, खायला काही आहे का? नाही असं उत्तर आलं तर म्हणत, मग आज माझा रोजा. "का नाही?" असा जाब नाही, आवाज चढवणं नाही. आपल्या घरांत 'नाश्ता अजून तयार नाही' या एका वाक्यावरून जी भांडणं होतात, ती आठवून ही गोष्ट पुन्हा एकदा वाचावी.

रिकामं पोट हा सार्वजनिक प्रश्न आहे

घराबाहेरही हाच प्रश्न आहे. जगात काही समाजांनी सकाळच्या भुकेला खासगी बाब मानलं नाही, तिचं राजकारण केलं. चांगल्या अर्थाने.

इजिप्तच्या बोलीभाषेत रोटीला 'ऐश' म्हणतात. अरबीत ऐश म्हणजे जगणं. जानेवारी 1977 मध्ये अन्वर सादात यांच्या सरकारने रोटी आणि इतर गरजेच्या वस्तूंवरचं अनुदान कमी करायचं ठरवलं. लोक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. 2011 च्या क्रांतीत तहरीर चौकातल्या घोषणेत पहिला शब्द होता 'ऐश', स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय त्यानंतर आले. स्वस्त रोटीचा पाच पियास्टर हा भाव तीन दशकांहून जास्त काळ टिकला होता. तो जून 2024 मध्ये वीस पियास्टर झाला, तेव्हा ती देशात मोठी बातमी होती, कारण फुलाच्या वाटीसोबत ती रोटी लागतेच.

अमेरिकेत जानेवारी 1969 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने ओकलंड शहरातल्या एका चर्चमध्ये शाळेआधी मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. उपाशी मुलाला वर्गात काही समजत नाही, इतका साधा विचार त्यामागे होता. उपक्रम भराभर इतर शहरांत गेला. एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांना बंदुकांपेक्षा या नाश्त्याची जास्त काळजी वाटली, कारण त्यामुळे वस्तीतली माणसं पक्षाशी जोडली जात होती. अमेरिकी सरकारची शालेय नाश्ता योजना 1966 पासून प्रायोगिक स्वरूपात होती, ती 1975 मध्ये कायमची झाली. पँथरांच्या कामाने त्या मागणीला जोर दिला, असं अनेक अभ्यासक मानतात.

आपल्या देशात तमिळनाडूने 15 सप्टेंबर 2022 रोजी मदुराईतून मुख्यमंत्री नाश्ता योजना सुरू केली. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा भरण्याआधी उपमा, खिचडी, पोंगल. सुरुवात 1,545 शाळांपासून झाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये ती राज्यातल्या सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेण्यात आली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेत सकाळी पौष्टिक नाश्ता द्यावा अशी शिफारस आहे, पण त्यातून देशभर लागू होणारी योजना उभी राहिली नाही.

महाराष्ट्रात काय झालं? नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय झाला. जे अंडं खात नाहीत त्यांना केळं. काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी 2025 मध्ये शासनाने अंड्यासाठी वेगळा निधी देणं थांबवलं आणि हवं असेल तर शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत असं सांगितलं. म्हणजे ज्या वस्तीत पालकांकडेच पैसे नाहीत, तिथलं अंडं गेलं.

त्या दिवसांत आपल्या गटांमध्ये झालेली चर्चा मी वाचत होते. "बघा, पुन्हा शाकाहार लादतायत" हा सूर मोठा होता आणि तो चुकीचाही नव्हता. पण आपल्या वस्तीतल्या उर्दू आणि मराठी शाळांत सकाळी किती मुलं काही न खाता येतात, हा आकडा कुणाकडेच नव्हता. अंडं हे आदिवासी मुलाचं, दलित मुलाचं, ओबीसी मुलाचंही होतं. आपण त्याला फक्त आपल्या अस्मितेचा प्रश्न केलं, की ती सगळी मुलं आपल्या बाजूने असूनही एकटी पडतात आणि आपणही. अस्मितेच्या वादात समोरच्याकडे नेहमी तयार उत्तर असतं. उपाशी मुलाच्या प्रश्नाला ते सापडत नाही.

मग करायचं काय?

मी कुणाला निहारी सोडायला सांगत नाही. रविवारी जरूर खा, फोटोही टाका. फक्त तीन कामं सुचवते. तिन्ही आपल्या आवाक्यातली आहेत.

पहिलं काम मुलग्यांचं. आठवड्यातल्या दोन सकाळी नाश्ता तुम्ही करायचा. अम्मीला 'मदत' म्हणून नाही, तुमचं काम म्हणून. कांदे चिरण्यापासून कढई घासण्यापर्यंत. पोहे भिजवायला दोन मिनिटं लागतात आणि त्याला कुठल्याही कोर्सची गरज नाही. येत्या रमजानमध्ये सेहरीच्या पाळ्या लावा. कागदावर नावं लिहून ती फ्रीजवर चिकटवा आणि त्या यादीत अब्बांचंही नाव असू द्या. ते हसतील, पहिल्या दिवशी अंडं करपवतील, पण उठतील.

दुसरं काम मुलींचं. घराबाहेर पडण्याआधी खायचं. भाजलेले शेंगदाणे-गूळ, रात्रीची भाकरी, उकडलेलं अंडं, मोड आलेली मटकी, जे परवडेल ते. चहा थोडा नंतर. उपाशी राहून काम करणाऱ्या बाईचं आपल्या समाजात फार कौतुक होतं. ते कौतुक नम्रपणे परत करा.

तिसरं काम आपल्या सगळ्यांचं. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार तरुणांनी जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या परवानगीने एवढंच विचारावं: आज सकाळी किती मुलं काही खाऊन आली? शाळा कुठल्या माध्यमाची, मुलं कुठल्या धर्माची, याने फरक पडत नाही. आठवडाभराची नोंद ठेवा. मग ती नोंद घेऊन नगरसेवकाकडे, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा आणि तमिळनाडूत होऊ शकतं ते इथे का नाही असं विचारा. उत्तर येईपर्यंत वस्तीतल्या बेकरीवाल्याशी आणि अंडीवाल्याशी बोला. आपल्याकडे रमजानमध्ये मशिदीत रोज शेकडो माणसांच्या इफ्तारची सोय होते, कुणाला निमंत्रण लागत नाही. ज्या वस्तीला हे महिनाभर जमतं, तिला शाळेतल्या पन्नास मुलांना दूध आणि केळं देणं उरलेले अकरा महिने जमायला हरकत नाही.

आणि शाळेत गेलात की मुलांना "तुमच्याकडे नाश्त्याला काय असतं?" असं विचारू नका. कुणी पराठा सांगेल, कुणी पोहे, आणि ज्याने काहीच खाल्लेलं नसेल तोही काहीतरी सांगेल, कारण त्याला लाज वाटते. त्याला नुसतं विचारा, "जेवलास का रे?" आणि तो 'हो' म्हणाला तरी हातातलं केळं पुढे करा.